प्रबंधाच्या टिपा: सॉफ्टवेअरवर काय सोपवावे आणि हातात काय ठेवावे

पीएच.डी. किंवा एम.ए.चा प्रकल्प लिहिणाऱ्या वाचकांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो. मार्गदर्शक म्हणतात तळटिपा द्या, मैत्रीण म्हणते झोटेरो घे, टायपिंगवाला म्हणतो तुम्ही कागदावर लिहून आणा, आम्ही बसवून देतो. मग नेमके करायचे काय? कोणाच्या टिपांचे क्रमांक तिसऱ्या प्रकरणात अचानक बदललेले असतात. कोणाच्या मराठी लेखकांची नावे उलटसुलट छापून येतात. कोणाला प्रबंध सादर करायच्या आठवड्यात कळते, की सगळ्या टिपा साध्या मजकुरात बदलल्या गेल्या आहेत आणि आता प्रत्येक दुरुस्ती हाताने करावी लागणार.

मीरा-भाईंदरच्या संशोधकांची अडचण थोडी जास्तच असते. शहरातली पदवी महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, पण विद्यापीठाचा विभाग आणि जवाहरलाल नेहरू ग्रंथालय कलिन्याला, राज्य पुराभिलेखागार फोर्टमध्ये एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आणि एशियाटिक सोसायटीही तिथेच टाउन हॉलमध्ये. एखाद्या संदर्भाचे पान नोंदवायचे राहिले तर त्यासाठी पुन्हा लोकल पकडावी लागते. म्हणून हा लेख सॉफ्टवेअरबद्दल असला तरी त्यातला मोठा भाग नोंद कशी करावी यावर आहे. संदर्भ खरा की खोटा, पान बरोबर की चूक, हे सॉफ्टवेअर तपासत नाही. तुम्ही भरलेली माहिती ते ठरलेल्या साच्यात मांडते, क्रमांक सांभाळते आणि साचा बदलला की सगळ्या टिपा एकदम बदलून देते. शंभर पानांच्या प्रबंधात हे काम फार मोठे आहे, पण भरलेलेच चुकीचे असेल तर तीच चूक शंभर ठिकाणी नीटनेटकी छापली जाईल.

पुढची उदाहरणे एकाच कल्पित विषयाभोवती घेतली आहेत: भाईंदरची मिठागरे आणि घोडबंदर परिसराचा इतिहास. तुमचा विषय वेगळा असला तरी अडचणी त्याच येतात.

डाउनलोड करण्यापूर्वी विचारायचे तीन प्रश्न

हे तिन्ही प्रश्न मार्गदर्शकांना ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी सांगितलेली शैली दोन वर्षांनी कोणाच्याच लक्षात राहत नाही.

१. संदर्भ टिपेत द्यायचा की मजकुरात कंसात? सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एपीए आणि एमएलए या शैलींत संदर्भ मजकुरातच कंसात येतो आणि टीप असली तर ती भाष्यासाठी असते. संदर्भच टिपेत हवा असेल तर शिकागोची 'नोट्स अँड बिब्लिऑग्राफी' ही पद्धत किंवा एमएचआरएसारखी शैली घ्यावी लागते. शिकागोची दुसरी, लेखक-वर्ष पद्धतही आहे, म्हणून नुसते 'शिकागो' एवढ्यावर थांबू नका. 'एपीएमध्ये तळटिपा द्या' असे कोणी सांगितले तर नम्रपणे पुन्हा विचारा. दोन अपेक्षा एकत्र झालेल्या असतात आणि सॉफ्टवेअरला त्या दोन्ही एकदम पाळता येत नाहीत.

२. टिपा पानाखाली, प्रकरणाच्या शेवटी की प्रबंधाच्या शेवटी? मराठी विभागांतल्या अनेक प्रबंधांत त्या प्रकरणाअखेर असतात.

३. टिपेतले शब्द आणि आकडे कोणते? 'तत्रैव' की 'इबिड', 'पृ.' की 'पी.', देवनागरी आकडे की इंग्रजी?

उत्तर मिळेपर्यंत शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहात तुमच्याच विभागात अलीकडे मान्य झालेले दोन-तीन प्रबंध उघडून पाहा. मान्य झालेला प्रबंध हा नियमपत्रकापेक्षाही स्पष्ट नमुना असतो. लेख मासिकात पाठवायचा असेल तर त्या मासिकाच्या सूचना वाचा. मुंबईहून निघणारे 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' भाष्याच्या टिपा लेखाच्या शेवटी आणि संदर्भ लेखक-वर्ष पद्धतीने घेते. तिथे प्रबंधातल्या शिकागो तळटिपा जशाच्या तशा पाठवून चालणार नाही.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे

मराठीत लिहिणाऱ्या आणि टिपांमध्ये संदर्भ देणाऱ्या माणसाने झोटेरो घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते फुकट आहे आणि त्याचा कोड खुला आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहासविषयक केंद्रात २००६ साली ते सुरू झाले, त्यामुळे पुराभिलेख, हस्तलिखित, मुलाखत, वर्तमानपत्र असे इतिहासकाराला लागणारे नोंदींचे प्रकार त्यात आहेत. वर्ड, लिबरऑफिस आणि गूगल डॉक्स या तिन्हींत ते चालते. गूगल डॉक्समध्ये मात्र टिपा पानाखालीच येतात, प्रकरणाअखेर येत नाहीत. प्रबंध वर्डमध्ये किंवा लिबरऑफिसमध्येच लिहा.

मेंडले २०१३पासून एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीकडे आहे. विज्ञान शाखेत, इंग्रजी शोधनिबंधांच्या पीडीएफ सांभाळायला अनेकजण ते वापरतात. जुने मेंडले डेस्कटॉप सप्टेंबर २०२२पासून नव्याने डाउनलोड करता येत नाही, त्यामुळे यूट्यूबवरचे जुने धडे पाहून गोंधळू नका. एंडनोट विकत घ्यावे लागते. महाविद्यालयाने घेऊन दिले असेल तर वापरा, स्वतःच्या खिशातून घेण्याची गरज नाही. वर्डच्या 'इन्सर्ट एंडनोट' या बटणाचा या विकतच्या सॉफ्टवेअरशी काही संबंध नाही, ते बटण नुसती अंत्यटीप घालते. वर्डमध्ये स्वतःची संदर्भसूचीची सोयही आहे, पण ती कंसातल्या संदर्भांसाठी बरी, टिपांसाठी तोकडी पडते.

झोटेरोच्या खात्यात ३०० मेगाबाइट जागा फुकट मिळते. नोंदींना ही मर्यादा नाही, ती फक्त जोडलेल्या फाइलींना लागते. गॅझेटियरच्या स्कॅन केलेल्या दोन-चार प्रतींत ही जागा संपू शकते. मोठ्या पीडीएफ लॅपटॉपवरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि झोटेरोमध्ये त्यांचा दुवा द्या. दर महिन्याला झोटेरोचे सगळे फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

नोंद करायची ती पुस्तक हातात असतानाच

इंग्रजी पुस्तकाचा आयएसबीएन टाकला की नोंद आपोआप भरते. मराठीत तसे क्वचितच होते. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नसतो. असला तरी परदेशी ग्रंथालयांच्या यादीतून नोंद आली तर लेखकाचे नाव रोमन लिपीत, उच्चारचिन्हांसह आणि आपण कधीच लिहिणार नाही अशा रूपात येते. स्कॅन केलेल्या मराठी पीडीएफमधून झोटेरोला सहसा काही ओळखता येत नाही. इंटरनेट अर्काइव्हवरून ओढलेल्या नोंदीत प्रकाशनाच्या वर्षाच्या जागी प्रत चढवल्याचे वर्ष बसलेले असू शकते. तेव्हा मराठी नोंद हातानेच भरायची, हे गृहीत धरा. नीट भरायला पाचच मिनिटे लागतात, आणि ती पाच मिनिटे ग्रंथालयातच द्या. मुखपृष्ठ, मुखपृष्ठामागचे पान आणि तुम्ही वापरलेले पान, असे तीन फोटो काढले की नंतर शंका उरत नाही.

*लेखकाचे नाव.* झोटेरोमध्ये नावाचे दोन रकाने असतात, आडनाव आणि नाव. बहुतेक शैली रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या आहेत, त्यामुळे देवनागरी नावांचा क्रम, मधली जागा किंवा स्वल्पविराम अपेक्षेप्रमाणे येईलच असे नाही. म्हणून पहिल्याच दिवशी चाचणी घ्या. एक मराठी पुस्तक नोंदवा, एक टीप घाला आणि नाव कसे उमटते ते पाहा. नीट आले तर दोन रकाने ठेवा. नाही आले तर रकान्याशेजारच्या बटणाने एकच रकाना करा आणि नाव जसे छापून हवे तसेच लिहा: 'खांडेकर, वि. स.' किंवा 'वि. स. खांडेकर'. एका रकान्यातल्या नावाची वर्णक्रमातली जागा पहिल्या अक्षरावरून ठरते, म्हणून सूची आडनावावरून लावायची असेल तर आडनाव आधी लिहा. संतांच्या आणि संस्थांच्या नावांना एकच रकाना वापरा. 'मीरा-भाईंदर महानगरपालिका' या नावातली 'महानगरपालिका' हे आडनाव समजून छापली जायला नको.

एकाच लेखकाची दोन रूपे ठेवू नका. 'वि.स. खांडेकर' आणि 'वि. स. खांडेकर' यांत फरक एका मोकळ्या जागेचा आहे, पण सॉफ्टवेअरला ते दोन लेखक वाटतात.

*साल.* साल इंग्रजी आकड्यांत भरा. देवनागरी आकड्यांतली तारीख सॉफ्टवेअरला कळेलच असे नाही. जुन्या पुस्तकांवर नुसते शके असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारीपासून फाल्गुनापर्यंतची तारीख असेल तर ७९ मिळवायचे. शके १८२०च्या चैत्रातले पुस्तक १८९८चे, त्याच शकाच्या फाल्गुनातले १८९९चे. महिना दिलेला नसेल तर तारखेच्या रकान्यात ७८ मिळवून येणारे वर्ष टाका आणि मूळ शके 'एक्स्ट्रा' रकान्यात जपून ठेवा. परीक्षकांनी विचारले तर आधार दाखवता येतो.

*भाषा.* 'लँग्वेज' रकाना रिकामा ठेवू नका. पुढे सूची भाषेनुसार वेगळी करायची वेळ येते तेव्हा त्याचा उपयोग होतो.

आता आपल्या विषयातली काही साधने घेऊ.

- गॅझेटियर. ठाणे जिल्ह्याचे जुने गॅझेटियर १८८२चे. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तेरावा खंड दोन भागांत आहे आणि स्थळांची माहिती चौदाव्या खंडात आहे. घोडबंदरसाठी चौदावा खंड पाहावा लागतो. 'ठाणा गॅझेटियर, १८८२' एवढेच लिहिले तर वाचक तीन जाडजूड पुस्तके धुंडाळत बसेल. खंड आणि भाग त्यांच्या रकान्यांत भरा. पुनर्मुद्रण किंवा ऑनलाइन प्रत वापरली असेल तर वापरलेली तीच प्रत लिहा, कारण पानांचे क्रमांक बदललेले असू शकतात.

- पेशवे दफ्तर. १७३७ साली मराठ्यांनी घोडबंदर घेतले आणि १७३९ साली वसई. त्या मोहिमेसाठी गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले 'पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद' चाळावे लागतात. त्याचे ४५ खंड आहेत. इथे संदर्भ पानाने न देता लेखांकाने देतात. झोटेरोच्या 'पान, प्रकरण, परिच्छेद' अशा यादीत लेखांक नाही. टीप घालताना 'सफिक्स' चौकटीत 'लेखांक' आणि त्याचा आकडा लिहा, पानाची चौकट रिकामी ठेवा.

- पुराभिलेख. 'मॅन्युस्क्रिप्ट' प्रकार निवडा. पुराभिलेखागाराचे नाव 'आर्काइव्ह' रकान्यात, विभाग, खंड आणि वर्ष त्याखालच्या रकान्यात. दप्तर परत करण्यापूर्वी हे तीन तपशील दोनदा पाहा.

- दिवाळी अंक. 'मॅगझिन आर्टिकल' घ्या. खंड-अंक नसला तर रकाना रिकामा सोडा आणि नियतकालिकाच्या नावाला जोडून 'दिवाळी अंक' लिहा.

- मुलाखत. राई, मुर्धा, मोरवा किंवा उत्तनमधल्या वयस्क माणसांशी बोलला असाल तर 'इंटरव्ह्यू' प्रकार आहे. तारीख आणि ठिकाण लिहाच. नाव गुप्त ठेवण्याचा शब्द दिला असेल तर झोटेरोमध्येही खरे नाव टाकू नका, 'मिठागर कामगार, क्र. ३' असे लिहा. तुमची लायब्ररी पुढे मार्गदर्शकांशी किंवा सहकाऱ्यांशी वाटून घेतलीत तर ते नाव त्यांच्यापुढे जाईल.

श्रीलिपी, किरण, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर झोटेरोमध्ये चिकटवू नका. तिथे तो अर्थहीन रोमन अक्षरांचा ढीग होतो. युनिकोडमध्येच टाइप करा.

टीप घालताना

झोटेरो बसवले की वर्डमध्ये त्याचा टॅब दिसू लागतो. पुढची रीत अशी:

१. वाक्याच्या शेवटी, पूर्णविरामानंतर कर्सर ठेवा आणि 'ॲड साइटेशन' दाबा. पहिल्याच वेळी शैली विचारली जाते. टिपांची शैली निवडली की तळटीप की अंत्यटीप तेही तिथेच ठरवा.
२. आलेल्या पट्टीत लेखकाचे किंवा पुस्तकाचे नाव टाइप करा, नोंद निवडा.
३. निवडलेल्या नावावर क्लिक करून पान भरा. 'पाहा', 'विरोधी मतासाठी पाहा' असे शब्द 'प्रिफिक्स'मध्ये, पानानंतरचे 'सफिक्स'मध्ये.
४. एन्टर दाबा. टीप आणि तिचा क्रमांक आपोआप तयार होतो.

टिपेत तुमचे दोन वाक्यांचे भाष्य आणि त्यासोबत संदर्भही हवा असेल तर आधी वर्डची साधी टीप घाला, भाष्य लिहा आणि त्या टिपेच्या आत कर्सर ठेवून झोटेरोचा संदर्भ घाला.

संदर्भाच्या करड्या पट्ट्यात हाताने काही दुरुस्त करू नका. टिपा पुन्हा ताज्या होताना ती दुरुस्ती पुसली जाऊ शकते. चूक नोंदीत असेल तर झोटेरोत सुधारा, फक्त त्या टिपेपुरती असेल तर प्रिफिक्स-सफिक्समध्ये. मार्गदर्शकांनाही सांगून ठेवा, की टिपांच्या आत बदल न करता बाजूला कॉमेंट लिहावी.

मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये उघडलेल्या वर्डमध्ये झोटेरोचा टॅब येत नाही. गाडीत बसून वाचन करा, नोंदी तपासा, पण टिपा घालायला लॅपटॉपच लागेल.

प्रकरणाअखेरच्या टिपा: इथे घाई करू नका

हा भाग बहुतेकांना शेवटच्या महिन्यात कळतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली वर्डची. अंत्यटिपा मुळात संपूर्ण दस्तऐवजाच्या शेवटी जातात. प्रत्येक प्रकरणाअखेर हव्या असतील तर प्रकरण संपते तिथे सेक्शन ब्रेक घाला, टिपांच्या सेटिंगमध्ये जागा 'एंड ऑफ सेक्शन' निवडा आणि क्रमांक 'रिस्टार्ट ईच सेक्शन' करा. नुसता पेज ब्रेक देऊन भागत नाही. टिपेचे आकडे १, २, ३ की आणखी कसले, हेही याच चौकटीत ठरते, झोटेरोचा त्यात हात नाही.

दुसरी गोष्ट झोटेरोची, आणि ती जास्त महत्त्वाची. पुस्तकाचा पहिला उल्लेख पूर्ण तपशिलाने आणि नंतरचे उल्लेख थोडक्यात, हा हिशोब झोटेरो संपूर्ण फाइलभर ठेवते. प्रकरणे त्याला कळत नाहीत. पहिल्या प्रकरणात गॅझेटियर येऊन गेले असेल तर चौथ्या प्रकरणाच्या पहिल्याच टिपेतही ते संक्षिप्त रूपात येईल. अनेक मार्गदर्शकांना मात्र प्रत्येक प्रकरणात पहिला उल्लेख पूर्ण हवा असतो. यावर एकच खात्रीचा उपाय आहे: प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलीत लिहा आणि अगदी शेवटपर्यंत वेगळेच ठेवा. प्रत्येक फाइल पक्की झाली की तिची प्रत काढा, प्रतीवर 'अनलिंक साइटेशन्स' करा (म्हणजे टिपा साध्या मजकुरात बदलतात) आणि मगच सगळ्या प्रती एकत्र जोडा. मूळ फाइली हात न लावता ठेवा. तोंडी परीक्षेनंतर दुरुस्त्या आल्या तर मूळ फाइलच कामी येते.

'इबिड'च्या जागी 'तत्रैव'

मराठी प्रबंधात मधूनच 'ईडी.', 'व्हॉल.', 'इबिड' असे इंग्रजी संक्षेप उमटले की पान विटते. ते बदलता येतात. झोटेरोच्या सेटिंगमध्ये 'साइट' विभागात शैली संपादित करण्याची चौकट आहे. तुमच्या शैलीची प्रत घ्या, तिचे नाव आणि तिची ओळख सांगणारी 'आयडी'ची ओळ बदला आणि मग तीत हे शब्द द्या: तत्रैव, संपा., अनु., खंड, आवृत्ती, पृ. नाव आणि आयडी न बदलता दुरुस्ती केली तर शैलीची नवी आवृत्ती येताच तुमचे बदल पुसले जातील.

सांकेतिक मजकुराची सवय नसेल तर महाविद्यालयातल्या संगणक विभागातल्या एखाद्या विद्यार्थ्याला सोबत बसवा, फार वेळ लागत नाही. एवढेही नको असेल तर दुसरा मार्ग आहे. सगळे पक्के झाल्यावर, अनलिंक केलेल्या प्रतीत 'शोधा आणि बदला' वापरून हे शब्द बदला. अनलिंक करण्यापूर्वी मात्र हे करू नका.

एक सूचना. शिकागोच्या २०१७च्या सतराव्या आवृत्तीपासून 'इबिड'ऐवजी संक्षिप्त संदर्भ सुचवला आहे. २०२४च्या अठराव्या आवृत्तीत पुस्तकाचे प्रकाशनस्थळ देणे गरजेचे राहिलेले नाही. आपल्याकडच्या परीक्षकांना प्रकाशनस्थळ आणि 'तत्रैव' दोन्ही अपेक्षित असू शकतात. शैलीच्या यादीत आवृत्तीचा क्रमांक पाहूनच निवड करा आणि तीच शेवटपर्यंत ठेवा. प्रकाशनस्थळ नोंदीत भरून ठेवाच. छापायचे की नाही ते शैली ठरवेल.

संदर्भग्रंथसूची

झोटेरो दस्तऐवजातून एकच सलग सूची बनवते. मराठी, हिंदी, इंग्रजी किंवा प्राथमिक साधने आणि दुय्यम साधने अशी विभागणी ते स्वतः करत नाही. त्यासाठी झोटेरोमध्ये प्रत्येक विभागाचे वेगळे 'कलेक्शन' करा, प्रत्यक्ष वापरलेल्या नोंदीच त्यात टाका आणि कलेक्शनवर उजवे क्लिक करून त्याची सूची स्वतंत्र तयार करा. देवनागरीचा वर्णक्रम डोळ्यांखालून घालाच, विशेषतः 'क्ष', 'ज्ञ', 'श्र' यांनी सुरू होणारी नावे.

याच वेळी आणखी एक तपासणी करा. चॅटबॉटकडून मिळवलेल्या संदर्भांत लेखक खरा, पुस्तक मात्र अस्तित्वातच नाही, असे होते. अशी नोंदही सॉफ्टवेअर मुकाट्याने सुबक मांडून देते. जे पुस्तक तुम्ही स्वतः उघडलेले नाही ते सूचीत ठेवू नका.

छपाईच्या दुकानात जाण्यापूर्वी

स्टेशनजवळच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात प्रबंधाची फाइल उघडली जाते ती बहुधा वेगळ्याच आवृत्तीच्या वर्डमध्ये किंवा दुसऱ्याच कार्यक्रमात. तिथे सेव्ह केली की झोटेरोचे आतले दुवे तुटू शकतात आणि फॉन्टही बदलतात. दुकानात पीडीएफच न्या. मजकूर पेजमेकरमध्ये किंवा जुन्या फॉन्टात नव्याने बसवू द्यायचाच नाही, कारण तिथे टिपांचे क्रमांक हाताने पडतात. 'टिपा आणि सूची आम्ही करून देतो' या तयार सेवेला पैसे देऊ नका. तुमच्या नोंदी दुसऱ्याला तुमच्याइतक्या माहीत नसतात, आणि तोंडी परीक्षेत चुकलेल्या पानाचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागते.

समानता अहवाल आणि तुमचे हक्क

टिपा नीट दिल्या तरी समानतेचा, म्हणजे इतरांच्या मजकुराशी जुळणाऱ्या भागाचा, टक्का वाढेल, ही भीती बहुतेकांना असते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्य रोखण्याबाबतचे विनियम २०१८चे आहेत. समानता मोजताना पुढील गोष्टी वगळायच्या असतात, असे त्यात स्पष्ट आहे:

- श्रेय देऊन किंवा आवश्यक परवानगीने घेतलेली अवतरणे
- संदर्भ, ग्रंथसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश
- सर्वसाधारण संज्ञा, कायदे, प्रमाण चिन्हे आणि समीकरणे

तेव्हा अहवालात तुमची सूची आणि अवतरणेही मोजली गेली असतील तर ती वगळून अहवाल पुन्हा काढावा, असा अर्ज करा. सामायिक ज्ञान किंवा योगायोगाने सारखे आलेले सलग चौदापर्यंत शब्दही धरायचे नाहीत, असे विनियमात आहे.

प्रबंधासाठी टप्पे असे: १० टक्क्यांपर्यंत समानता असल्यास कारवाई नाही. १० ते ४० टक्क्यांपर्यंत असल्यास सहा महिन्यांच्या आतल्या ठरावीक मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांसाठी वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द होते.

तक्रार झाली तर ती आधी विभागाच्या समितीकडे आणि मग संस्थेच्या समितीकडे जाते. दोघींनाही ४५-४५ दिवसांची मुदत आहे. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, म्हणजे तुमची बाजू ऐकूनच निर्णय व्हायला हवा. ज्याच्याविरुद्ध चौकशी झाली त्याला अहवालाची प्रत मिळते, आणि ती लेखी मागा. सुनावणीला जाताना झोटेरोच्या नोंदी, त्यांवरच्या तारखा आणि ग्रंथालयात काढलेले पानांचे फोटो सोबत न्या.